पेटीला गळा देणारा कलावंत : गोविंदराव टेंबे

दादरच्या वाद्यांच्या दुकानांत आज हाताच्या भात्याची पेटी मिळते आणि विजेवर चालणारा कीबोर्डही मिळतो. एकीत वारा आहे, दुसऱ्यात विद्युत्‌प्रवाह. पट्ट्या मात्र दोन्हींकडे सारख्याच, सप्तकाला सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. पट्टी दाबली की ठरलेला सूर वाजणार आणि बोट उचलले की थांबणार. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत काहीही नाही. आपल्या रागसंगीताचा निम्मा जीव नेमका त्या मधल्या जागेत असतो. त्यामुळे पट्ट्यांच्या वाद्यावर राग वाजवू पाहणाऱ्या प्रत्येकाला, मग त्याच्यापुढे पेटी असो वा सिंथेसायझर, एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांनी सर्वांत आधी गंभीरपणे अंगावर घेतला आणि साथीचे मानले गेलेले हे वाद्य एकट्याने मैफलीत मांडण्याचे धाडस केले, त्यांत गोविंदराव टेंबे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

रसिकांना टेंबे आठवतात ते 'मानापमान' नाटकाच्या चालींसाठी. चित्रपटाच्या अभ्यासकांना ते पहिल्या मराठी बोलपटाचे नायक म्हणून ठाऊक असतात. साहित्याच्या वाचकाला 'माझा संगीत व्यासंग' या पुस्तकाचे लेखक म्हणून ते परिचित असतात. या सगळ्या कीर्तीच्या मुळाशी जी पेटी होती, तिचा उल्लेख बहुधा शेवटी आणि एका ओळीत उरकला जातो.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे झाला. त्यांचे बालपण आणि तारुण्य कोल्हापुरात गेले. त्या काळचे कोल्हापूर हे संगीताच्या दृष्टीने भाग्यवान गाव म्हटले पाहिजे. शाहू महाराजांच्या दरबारी १८९५ पासून अल्लादियाखाँसाहेबांसारखा गायक होता. १८८३ मध्ये स्थापन झालेला देवल क्लब गावात गाण्याचा नित्य राबता ठेवून होता. मोठे गवई तेथे येत, गात आणि जाणकारांची दाद घेऊन जात. टेंब्यांना संगीताची पहिली दीक्षा मिळाली ती या देवल क्लबाच्या बैठकीत. पेटीवर बोटे त्यांनी बहुतांशी स्वतःच चालवली. समोर बसवून पलटे घोटून घेणारा पेटीचा गुरू त्यांना नव्हता. असता तरी त्याने काय शिकवले असते, हा प्रश्नच आहे. पेटीवादनाची परंपराच तेव्हा घडायची होती.

हे वाद्य मुळात परके. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं याने हार्मोनियमचे एकस्व १८४२ मध्ये घेतले. पायाने भाता मारण्याचे ते वाद्य मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला मागच्या बाजूने हाताचा भाता लावला आणि वाद्य जमिनीवर आले. बैठकीत मांडी घालून बसणाऱ्या समाजाला ही सोय फारच मानवली. सारंगी मिळवायला घटका जायची, पेटी उघडली की तयार. उन्हाळा-पावसाळ्यात तिचे सूर फारसे हलत नसत. कीर्तनकार, भजनी मंडळे, नाटक कंपन्या, शाळा, सर्वांनी ती उचलली. टेंबे वयात येईपर्यंत पेटी घराघरांत पोचली होती, पण प्रतिष्ठा तिला मुळीच नव्हती. नवशिक्याचा सूर धरून ठेवण्याचे साधन, एवढीच तिची ओळख होती.

टेंब्यांच्या सांगीतिक आयुष्याला वळण दिले ते भास्करबुवा बखले यांनी. बडोद्याचे फैजमहंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ या तिघांची विद्या बुवांच्या गळ्यात एकवटली होती. टेंबे त्यांच्या मैफलींत पेटीच्या साथीला बसू लागले. अल्लादियाखाँसाहेबांची थेट तालीम टेंब्यांना मिळाली नाही. त्यांच्या गायकीतले मर्म त्यांच्यापर्यंत आले ते बुवांच्या मार्फत आणि स्वतःच्या कानांनी. साथ करणे ही शिकण्याची मोठी विलक्षण रीत आहे. गवई पुढच्या क्षणी कोठे वळणार याचा अंदाज बोटांना आधी यावा लागतो. क्षणभर मागे राहूनही मागे राहिल्यासारखे दिसू द्यायचे नसते. बखलेबुवांसारख्या चतुरस्र गवयाच्या मागे अशी वर्षे काढलेल्या माणसाची पेटी नुसती पेटी राहत नाही.

पण अडचण वाद्यातच होती. तानपुरा नीट मिळवला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. त्याला जाणकार स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीची पाश्चात्त्य पद्धतीची जुळणी सप्तकाचे बारा समान भाग करते. त्या हिशेबात पेटीचा शुद्ध गंधार या स्वयंभू गंधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा निघतो. ऐकणाऱ्याला हे गणित ठाऊक नसले तरी कानाला खटका बसतो. दरबारी कानड्याच्या कोमल गंधाराची तर गोष्टच वेगळी. तो एका जागी उभा राहतच नाही, आंदोलत असतो. पट्टीला आंदोलन कुठले? मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर मधली सगळी वाट तुडवत जाणे, तीही पट्ट्यांवर अशक्य. शिवाय हाताच्या पेटीत डावा हात भात्यात गुंतलेला. गायन उभे करायचे ते उजव्या हाताच्या पाच बोटांवर.

मग पेटीवादक करतो काय? तो मींडेचा आभास निर्माण करतो. मुख्य सुराला पोचण्याआधी शेजारच्या पट्टीला निसटता स्पर्श करतो. एक बोट उचलण्याआधी दुसरे ठेवून सुरांचे सांधे झाकतो. भात्याचा दाब कमी-जास्त करून सुराला फुगवतो, दबवतो, श्वास देतो. जो सूर पट्टीवर नाहीच तो दाखवायचा असेल तेव्हा त्याच्या आजूबाजूचे सूर अशा बेताने लावतो की ऐकणारा मधली जागा मनानेच भरून काढतो. यात हातचलाखी आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खोटेही नाही. परंतु ती साधण्यासाठी वादकाच्या डोक्यात मूळ गायकी पक्की असावी लागते. जे गळ्यात कसे असते हे ठाऊक नाही, त्याचा आभास बोटांतून कसा निघणार? टेंब्यांची पेटी गात असे, असे जे म्हटले जाते त्याचा उलगडा येथे होतो. त्यांच्या बोटांमागे बुवांचा गळा होता.

साथीतले पेटीवादन कितीही रंगले तरी त्याचे श्रेय गवयाच्या खात्यावर जमा होते, आणि दोषही त्याच्या आवाजाखाली झाकले जातात. टेंब्यांनी हे आवरण दूर केले. गवयाची साथ त्यांनी पुढे सोडली आणि स्वतंत्र वादनाकडे मोर्चा वळवला. मैफलीत एकट्या पेटीवर राग मांडायचा म्हणजे वाद्याची सगळी व्यंगे उघड्यावर आणायची. चढा गंधार, अचल कोमल स्वर, मींडेचा अभाव, हे सारे श्रोत्यांपुढे निराधार उभे राहणार. ज्या समाजात पेटीवाला हा शब्द कौतुकाने उच्चारला जात नव्हता, तेथे हा निर्णय सोपा खासच नव्हता.

त्याच काळात काही विद्वानांनी या कोड्याचे उत्तर वाद्य बदलून शोधले. सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडून श्रुति-हार्मोनियम तयार करवली. बडोद्याला १९१६ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिची परीक्षा झाली, वाद माजला आणि तिला मान्यता काही मिळाली नाही. पट्ट्या वाढल्या तरी सूर मोजून ठेवलेलेच राहिले. टेंब्यांचा मार्ग याच्या उलट होता. बाजारात मिळणारी पेटी घ्यायची आणि वाजवणाऱ्याने स्वतःला बदलायचे. दोहोंपैकी कोणता मार्ग शास्त्रशुद्ध, याचा निवाडा अजून व्हायचा आहे. रंजक कोणता ठरला, याविषयी मात्र दुमत नसावे.

टेंब्यांचे भाग्य असे की स्वतंत्र वादक म्हणून स्थिरावण्याआधीच रंगभूमीने त्यांना ओढून घेतले. किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' बसवायला घेतले तेव्हा पदांच्या चालींचे काम टेंब्यांकडे आले. त्यापूर्वी चाली बहुधा नाटककारच निवडत. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि गोविंद बल्लाळ देवल यांची रीत तीच होती. केवळ चालींसाठी स्वतंत्र जाणकार नेमण्याची ही प्रथा नवी होती, आणि पुढे ज्याला संगीत दिग्दर्शक म्हणू लागले त्या व्यवसायाचा मराठीतला आरंभ येथे दाखवता येतो. साकी, दिंडी, कर्नाटकी वळणाची पदे यांना सरावलेल्या प्रेक्षकांपुढे टेंब्यांनी पूरब बाजाची ठुमरी, दादरा, कजरी यांचा मोहरा आणून ठेवला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली होती, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीगत महाराष्ट्राला पाठ आहे. त्या रात्री ते ज्या चाली गायले त्या एका पेटीवादकाने बांधलेल्या होत्या, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

'मानापमान'च्या चाली बारकाईने ऐकल्या तर त्यांत पेटीची बोटे दिसतात, असे म्हणण्याचा मोह होतो. सूर सुटे, ठसठशीत, वळणे चटकदार, चालीचा सांगाडा असा पक्का की गाणारा कितीही फिरला तरी हरवत नाही. मींडेवर विसंबून उभी राहणारी चाल पेटीवर सुचणे अवघड. जी सुचते ती सुरांच्या नेमक्या पायऱ्यांवरून चढते-उतरते आणि म्हणूनच ती सामान्य श्रोत्यालाही चटकन उचलता येते. वाद्याची उणीव रचनेचे बळ ठरली, हा अनुभव या नाटकाच्या बाबतीत आला. कंपन्यांच्या तंबूतली पदे घरोघरच्या पेट्यांवर वाजू लागली त्यालाही हेच कारण असावे.

धैर्यधराची भूमिका करणारे नानासाहेब जोगळेकर १९११ मध्येच वारले आणि ती भूमिका टेंब्यांकडे आली. देखणे रूप, दरबारी रुबाब आणि गाण्याचे अंग असल्याने पेटीवरचा माणूस नायक म्हणून रंगमंचावर उभा राहिला. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह टेंब्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिघे भागीदार. ही भागीदारी फार टिकली नाही. दोनच वर्षांनी टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. गंधर्व मंडळीच्या 'स्वयंवर'ला १९१६ मध्ये चाली दिल्या त्या भास्करबुवांनी. शिष्याने मोकळी केलेली जागा गुरूने भरून काढली आणि मराठी नाट्यसंगीताला दुसरे शिखर लाभले. शिवराज मंडळीला मात्र गंधर्व मंडळीचे वैभव कधीच लाभले नाही. नाटक कंपनी चालवायची तर मखमली पडद्यांइतकाच हिशेबाच्या वह्यांचाही शौक लागतो. तो टेंब्यांच्या स्वभावात नसावा.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांतले दोन सर्वश्रेष्ठ गायकनट एकाच प्रयोगात परस्परांवर मात करण्याच्या ईर्षेने गायले. त्या रात्रीची आठवण दोघांच्या गळ्यांची म्हणून सांगितली जाते. दोघांनाही झेपेल, दोघांनाही फुलवता येईल असा मजकूर दहा वर्षांपूर्वी टेंब्यांनीच तयार करून ठेवला होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले आणि पुढच्या वर्षी भास्करबुवा.

चित्रपट बोलू लागला तेव्हा टेंब्यांनी पन्नाशी गाठली होती. ज्या दादरमध्ये दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट तयार करून १९१३ मध्ये पडद्यावर आणला, त्याच हरिश्चंद्राची कथा कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने पहिल्या मराठी बोलपटासाठी निवडली. व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. हरिश्चंद्र टेंबे, तारामती दुर्गा खोटे आणि संगीतही टेंब्यांचेच. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. कॅमेऱ्यापुढे अभिनय करतानाच गायचे आणि वाद्यवृंदाने चित्रचौकटीच्या बाहेर दडून साथ द्यायची, असा सगळा खटाटोप. मूक हरिश्चंद्राला एकोणीस वर्षांनी आवाज मिळाला तो एका पेटीवादकाचा, हा योग मोठा गमतीचा आहे. त्याच वर्षीच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले. 'अग्निकंकण', 'सिंहगड' आणि 'सैरंध्री' या चित्रपटांचे संगीतही त्यांनी केले. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. टेंब्यांचा प्रभातपर्वाचा बहर जवळजवळ याच दोन वर्षांचा.

एवढ्या उद्योगांत पेटी मागे पडली असे वाटेल. तिच्यावर खरा आघात झाला तो बाहेरून. आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून आपल्या सर्व केंद्रांवर हार्मोनियमला बंदी केली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख राहिलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी या वाद्याविरुद्ध आधीच कठोर लिहिले होते. नियंत्रक लायनेल फील्डन यांनाही ते नावडते होते आणि रवींद्रनाथ ठाकुरांचाही तिला विरोध होता. आक्षेप तेच जुने होते: परकी जुळणी, श्रुतींचा नाश, मींडेचा अभाव. या आक्षेपांत तथ्य होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वाद्य नाकारताना त्या उणिवांवर मात करणाऱ्या हातांचा विचार कोणी केला नाही. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर स्वतः मराठी आणि संगीताचे जाणकार. १९५२ ते १९६२ या त्यांच्या कारकिर्दीतही बंदी कायम राहिली. परिणाम असा की नाट्यसंगीताचे गायक नभोवाणीवर पेटीविना गाऊ लागले. ज्या पट्ट्यांवर ती पदे जन्मली त्यांनाच त्या पदांच्या प्रसारणात मज्जाव झाला.

टेंब्यांनी उत्तरायुष्यात लेखणी धरली आणि तीही पेटीइतक्याच सफाईने चालवली. 'माझा संगीत व्यासंग' १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. 'माझा जीवनविहार' हे आत्मचरित्र त्यानंतरचे. काही संगीतिकाही त्यांनी लिहिल्या. अल्लादियाखाँसाहेबांचे १९४६ मध्ये निधन झाल्यावर त्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. ज्या गवयापुढे बसून त्यांना शिकता आले नाही, त्याचे मराठीतले चरित्र त्यांच्या हातून व्हावे, हे त्यांच्या निष्ठेला साजेसेच म्हणावे लागेल. गाणे शब्दांत पकडणे हेही एका अर्थी मींड पट्ट्यांवर उतरवण्यासारखेच काम. मराठीत गवयांच्या आठवणींना तोटा नाही, पण बहुतेकांत किस्सेच फार. टेंब्यांच्या लेखनात गायकीचा विचार येतो, आवाजाच्या लगावाची नोंद येते, आणि लेखक स्वतः वाजवणारा आहे हे पानोपानी जाणवते.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी टेंब्यांचे निधन झाले. त्या दिवशीही आकाशवाणीच्या स्टुडिओत पेटीला प्रवेश नव्हता. बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये, आणि तीही आधी साथीपुरती. दरम्यान महाराष्ट्रातल्या पेटीने आपला वंश टिकवला होता. पी. मधुकर यांची पेटी आली, गोविंदराव पटवर्धन यांनी नाट्यपदांच्या साथीत पेटी आणि ऑर्गनचा दरारा निर्माण केला. पटवर्धनांकडे शिकलेले डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींच्या पेटीचा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि देवल-क्लेमंट्स यांचा जुना वाद नव्या गणितासह ताजा केला.

विजेच्या वाद्यांनी याच प्रश्नाला आपले उत्तर दिले. सिंथेसायझरच्या डाव्या बाजूला एक चाक असते. ते फिरवले की दाबलेल्या पट्टीचा सूर खाली-वर सरकतो. जी मधली जागा टेंबे बोटांच्या निसटत्या स्पर्शाने सुचवत, ती येथे खरोखरच ऐकू येते. चरणजितसिंग या मुंबईच्या वादकाने १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि तालयंत्रे घेऊन दहा राग एकट्याने डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. ती तेव्हा दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर युरोपातल्या श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. रागाला पट्ट्यांवर एकट्याने उभे करण्याची ही हौस टेंब्यांच्याच कुळीची. आवड-निवड मात्र ज्याची त्याची.

'मानापमान'च्या चालींना शंभर वर्षे केव्हाच उलटली. १० जानेवारी २०२५ रोजी सुबोध भावे दिग्दर्शित 'संगीत मानापमान' हा चित्रपट प्रदर्शित झाला. भामिनी आणि धैर्यधर पुन्हा पडद्यावर आले. या चित्रपटाचे संगीत शंकर-एहसान-लॉय या त्रयीने केले असून त्यांपैकी लॉय मेंडोन्सा हे कीबोर्डवादक आहेत.